मुकादमाविना दहा खेपा

मित्रवर्यहो, अस्मादिक पूर्वाश्रमीचे खाणीवरील ट्रकचालक. सांप्रत साखळी शहरातील महाविद्यालयात प्रोग्रॅमिंगचे प्रौढ विद्यार्थी. आज संगणकाला ट्रकच्या दहा खेपा मोजण्याची आज्ञा केली. तो मोजतच सुटला.

"काका, थांबपाची अट खंय?" कन्येच्या वयाच्या बाईंनी विचारले.

"खाणीवर मुकादम हात वर करी, तेव्हाच आम्ही थांबत असू."

"हांगा मुकादम तुमीच. फाल्यां परीक्षेत अशें जालें तर नापास."

नापास म्हणजे ठरलेल्या कारकुनी नोकरीस तिलांजली. सबब मध्यंतरातील भाजी-पावाचा त्याग करून अट लिहिली, खोडली, पुनश्च लिहिली. अखेर दहाव्या खेपेनंतर यंत्र निमूट थांबले.

ही विद्या उद्यापर्यंत डोक्यातून सांडू न देण्याचा दृढनिश्चय आहे. आपण स्वतःचे मुकादम कोणत्या वयात झालात?