तिरप्या कर्णाचे मास्तर

सांगलीच्या आमच्या शाळेत भूमिती शिकवणाऱ्या मास्तरांना सगळे गुण्यामास्तर म्हणत. काखेत लाकडी गुण्या घेतल्याशिवाय हा गृहस्थ चहाच्या दुकानातही जात नसे. त्या गुण्याला जितकी अक्कल होती तितकीच मास्तरांना होती, असं मी आजही कुणापुढंही म्हणेन.

गुण्या फळ्यावर टेकवायचा तो एकाच पद्धतीनं. काटकोन डावीकडं खाली, कर्ण उजवीकडं घसरता. वर्षानुवर्षं तोच त्रिकोण, त्याच जागी. फळा पुसला तरी त्याची पुसट खूण राहायची. "तिरपी बाजू तो कर्ण, लिहा," एवढं सांगून मास्तर खुर्चीत बसत आणि दाढेत अडकलेली सुपारी कोरत. काटकोनासमोरची बाजू म्हणजे कर्ण, हे पुस्तकात छापलेलं होतं. पण वर्गात पुस्तक उघडलेलं त्यांना खपत नसे. फळ्यावरचं अक्षर मात्र सुरेख होतं, तेवढं कबूल करतो.

माझ्या बाकावर कडेगावचा दादू बसे. घरी ऊस होता, पण भाऊही बरेच होते. मॅट्रिक झाला तर कचेरीत, नाही तर पलटणीत, असं त्याच्या वडिलांनी ठरवून टाकलं होतं. लढाई चालू होती आणि दादूला पलटण नको होती. एकदा त्यानं उभं राहून विचारलं, "आवं मास्तर, तिरकोन आडवा पाडला तर कर्ण खाली येतोय न्हवं?"

मास्तरांनी गुण्याची कड त्याच्या बोटांवर हाणली. चिडले की त्यांची पुस्तकी भाषा गळून पडे. "कर्ण कवा जमिनीवर लोळतो व्हय रं? तिरपा असतोय त्यो." वर्ग हसला. मास्तरांना आपण जिंकलो असं वाटलं.

मॅट्रिकच्या पेपरात त्रिकोण नेमका कर्णावर टेकलेला आला. आमच्या शाळेतल्या बहुतेकांनी उजवीकडची तिरपी बाजू कर्ण धरली. दादूनंही. बाहेर आल्यावर तो बोटं चोळत म्हणाला, "खालचीच लिवत हुतो गड्या. मग हात मागं आला." भूमितीत तो नापास झाला. मी मास्तरांकडं गेलो, तर ते शांतपणे म्हणाले, कागद फिरवून बघायची अक्कल नको का? इतका निलाजरा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पलटणीत निघालेल्या पोरांना निरोप द्यायला माधवनगर स्टेशनवर मास्तर हार घेऊन हजर होते. काखेत गुण्या होताच. दादूनं हार घालून घेतला, वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "मास्तर, तवा माजं बरुबर हुतं का?"

एक 'व्हय' म्हणायला या माणसाचं काय जात होतं? ते रुळांकडं बघत म्हणाले, "गाडी आली बघ." गाडी अजून दिसतही नव्हती.

दादू लढाईवरून परतला नाही. मास्तर पेन्शन खात पुष्कळ जगले.

पुढं म्हसवडला मी भूमितीच शिकवली. पहिल्याच तासाला गुण्या कर्णावर टेकवून धरायचो आणि कर्ण कुठला, विचारायचो. कुणीतरी भीत भीत खालच्या बाजूकडं बोट दाखवायचं. मी लगेच म्हणायचो, "व्हय."