वेल्सच्या गल्लीत, दुसऱ्याच्या दारात

शनिवार-रविवारी लोणावळ्यात राहणाऱ्या माणसानं घराबाहेर पडू नये, हा नियम मी लग्न होऊन आल्यापासून पाळतेय. आमचं घर तुंगार्लीच्या रस्त्याला. धरणाकडं जाणारा प्रत्येक जण आमच्या गेटासमोर गाडी लावतो, जास्वंदीपाशी फोटो काढतो आणि खाल्लेली कणसं कुंपणातून आत टाकतो. सासरे, म्हणजे आबा, ऐंशीच्या घरातले. ते दिवसभर या लोकांशी भांडतात, मग त्यांचा रक्तदाब वाढतो आणि डॉक्टर आमच्यावर ओरडतात. शेवटी मी आणि माझ्या नवऱ्यानं, मिलिंदनं ठरवलं, घर विकायचं आणि तळेगावात सातव्या मजल्यावर फ्लॅट घ्यायचा. व्हिला बांधणारा एक जण मागंच लागला होता. त्याला म्हटलं, मुलाकडं इंग्लंडला जाऊन येतो, आल्यावर उत्तर देतो. आबांना विचारलं तर म्हणाले, "तुमास्नी बरं वाटंल ते करा. मी काय, कुटंबी ऱ्हाईन."

मुलगा ब्रिस्टलला असतो. त्याच्या घरी दोन दिवस नुसतं बसून मिलिंद कंटाळला आणि त्यानं मोबाइलवर वेल्स शोधून काढलं. हा तो वेल्स देश नव्हे, हे मला आतापर्यंत निम्म्या नातेवाइकांना समजावून झालंय. सॉमरसेटमधलं हे चिमुकलं शहर आहे, एवढं छोटं की आपल्याकडं त्याला कुणी शहर म्हणणार नाही. मुलगा म्हणाला, "आई, शनिवार आहे, गर्दी असेल." मी म्हटलं, "लोणावळ्याच्या बाईला गर्दी शिकवतोस?"

बस ब्रिस्टलच्या बसस्थानकावरून मिळते. तिकीट तीनेक पौंड, वेळ तासाभराच्या वर, आणि वळणं आपल्या घाटाला लाजवतील अशी. मिलिंदला वरच्या मजल्यावर पहिल्या रांगेतच बसायचं होतं. दर वळणाला झाडांच्या फांद्या काचेवर आपटायच्या आणि हा मला म्हणायचा, "बघ, बघ!" मी डोळे मिटून आल्याची गोळी चोखत होते. जाणार असाल तर खाली बसा.

उतरल्यावर आधी बाजार. बुधवारी आणि शनिवारी भरतो, म्हणजे आपला आठवडी बाजारच, फक्त ओरडाआरडा नाही आणि घासाघीस तर अजिबात नाही. मला चैन पडेना. पेस्टी घेतली. ती म्हणजे एक दांडगी करंजी, आत बटाटा आणि मटण, मीठ नावाला. बॅगेत शेंगदाण्याची चटणी होती म्हणून निभावलं. रस्त्याच्या कडेनं मात्र दगडी पन्हाळीतून झुळझुळ पाणी वाहत होतं. झऱ्यांचं पाणी, आणि त्यात कुणी कागद टाकलेला नाही. मी चिडून तिथं कचरा शोधत होते, हे कबूल करते.

बाजाराच्या कोपऱ्यात एक जुनी कमान आहे, पूर्वी तिथं भिकारी बसायचे म्हणे. तिच्यातून आत गेलं की समोर एकदम कॅथेड्रल. तिकीट आहे, स्वस्त नाही, आधी बघून जा. आत एक शेकडो वर्षांचं घड्याळ आहे. दर पंधरा मिनिटांनी वरती चिमुकले घोडेस्वार गोल फिरतात आणि त्यातला एक जण मार खाऊन आडवा होतो. दर वेळी तोच. मिलिंदनं हे सलग तीनदा पाहिलं, दर वेळी व्हिडिओ काढला आणि दर वेळी मध्ये कुणाचं तरी डोकं आलं. तिसऱ्यांदा मी त्याला दंडाला धरून बाहेर आणलं.

तेवढ्यात आबांचा व्हिडिओ कॉल. तिकडं दुपार कलली होती. जाऊबाई त्यांचं जेवणखाण बघत होत्या, तरी मी घाईनं फोन उचलला.

"आबा, काय झालं? बरं वाटत नाही का?"

"मला काय धाड भरलीय! ह्ये बग, गेटाम्होरं गाडी लावून भजी खायाला गेल्यात. मी म्हन्लं, तुमच्या दारात लावतो का मी? तर पोरगी म्हन्ती, आजोबा, चिडू नका, तुमीबी या भजी खायाला."

"गोळी घेतली का?"

"घेतो. आता ठेव, दुसरी गाडी आली."

मिलिंद म्हणाला, "गेल्या गेल्या सही करून टाकू. या माणसाला असलं भोगायला नको." मला पटलं.

आता या शहरातली खरी चीज. कॅथेड्रलच्या बाजूला रस्त्यावरून एक बंदिस्त पूल गेलाय, त्याच्याखालून गेलं की डावीकडं व्हायकर्स क्लोज नावाची गल्ली. दोन्ही बाजूंना एकसारखी दगडी घरं, उंच उंच धुराडी, प्रत्येक घरापुढं वीतभर बाग. कॅथेड्रलच्या गायकांसाठी सहा-सातशे वर्षांपूर्वी बांधलेली घरं, आणि लोक आजही त्यात राहतात. गल्ली वर निमुळती केलीय, त्यामुळं खालून लांबलचक दिसते आणि वरून बघितलं तर आखूड. मी थक्क झाले, आणि थक्क झाल्यावर माणूस करतो तेच मी केलं. "मिलिंद, त्या गुलाबाच्या वेलापाशी उभा राहा. अजून आत. ते फाटक ढकल की!"

त्यानं ढकललं. मीही मागोमाग आत गेले, कारण उजेड तिथून चांगला होता.

घराचं दार उघडलं. पांढऱ्या केसांची, काठी टेकलेली एक बाई.

"हे घर आहे," ती म्हणाली. "माझं."

मिलिंदनं हात जोडून तीनदा सॉरी म्हटलं. पण बाई थांबेचना. लोक खिडकीला नाक लावतात, गुलाब तोडतात, कालच एक जण कॉफीचा कप पायरीवर ठेवून गेला. तुमच्याकडं असं चालतं का? मी मान खाली घालून ऐकत होते. आमच्याकडं काय चालतं हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी तिनं विचारलं, "कुठून आलात?" इंडिया म्हटल्यावर आणखी पाच मिनिटं बोलली, त्यातली दोन पावसाबद्दल.

गल्लीच्या वरच्या टोकाला चॅपल आहे. तिथून मी लाज गिळत मागं वळून पाहिलं. बाई खिडकीत बसली होती. चार-पाच जणांचा एक घोळका येताना दिसला तशी ती उठली, केसांवरून हात फिरवला आणि त्यांनी फाटकाला हात लावायच्या आत दार उघडून उभी राहिली. ते बिचारे सरळ पुढं निघून गेले. तेव्हा तीच काठी टेकत फाटकापर्यंत आली आणि त्यांच्या पाठीवर काहीतरी ओरडली. ते थांबले, परत आले, आणि तिचं सुरू झालं.

मी तिथंच पायरीवर बसले. सातव्या मजल्यावर आबा कुणाशी बोलणार? लिफ्टशी?

परतीच्या बसमध्ये मिलिंदला हे सांगितलं तर म्हणाला, "काहीतरीच. त्या बाईला त्रास होतोय, तुला दिसत नाही का?" मी म्हटलं, त्रास होतोच, मी नाही कुठं म्हणतेय! ब्रिस्टल येईपर्यंत आम्ही वाद घातला आणि मग दोन दिवस अबोला धरला. हातात सगळं आलेलं असताना मीच खोडा घालतेय, हे मलाही कळत होतं. त्याचा मला जास्त राग येत होता.

परतलो तो शनिवारच. एक्सप्रेस वेवर गाड्या मुंगीच्या पावलानं चाललेल्या, आणि घरी पोचलो तर आमच्या टॅक्सीला आत जायला जागा नाही. गेटाला आडवी एक पांढरी गाडी. तिच्याशेजारी घामाघूम झालेला तो व्हिलावाला, आणि त्याच्यासमोर आमचे आबा.

"आजोबा, मी घराचं बोलायला आलोय हो. विकत घेणारेय मी हे."

"घर मागनं घे. आदी गाडी काड! शिकलाबिकलायस न्हवं? लोकाच्या दारात गाडी लावायला कुटल्या शाळंत शिकवत्यात?"

आबांचा चेहरा लालबुंद झाला होता आणि डोळे नुसते चमकत होते. मिलिंदनं एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग टॅक्सीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून व्हिलावाल्याला म्हणाला, "गाडी काढा, साहेब. आणि घराचं राहू द्या."

मला हायसं वाटलं, आणि पुढच्याच क्षणी आठवलं की उद्या रविवार आहे. बाहेर कुणीतरी जास्वंदीची फांदी ओढतच होतं.

आबा आत आले, खुर्चीत टेकले, पंच्यानं मान पुसली.

"सूनबाई, चा टाक. लय दिसांनी कुनीतरी नीट भांडलं."