संत मार्टिनचा जाळ

देओलिंदा फ्रान्समधल्या आर्देशच्या डोंगरात आली तेव्हा चेस्टनटचा हंगाम ऐन भरात होता. सकाळी उठून खिडकी उघडावी तर दरी धुक्याने काठोकाठ भरलेली, आणि त्या पांढऱ्या सायीतून कुठूनतरी टप टप आवाज यायचा. झाडाखाली काटेरी बोंडं पडत असायची. नव्या लग्नाची पोर ती, फ्रेंचचा गंध नाही. पण हा आवाज तिला कळत होता. पोर्तुगालमधल्या तिच्या गावातही बोंडं अशीच पडायची. अर्धवट झोपेत तिला क्षणभर वाटायचं, आपण कुठे गेलोच नाही, आता आई हाक मारील.

हाक मारायची ती लेओनी. तिच्याच बकऱ्यांच्या गोठ्यावरच्या दोन खोल्यांत देओलिंदा आणि तिचा नवरा आर्मिंदो राहत होते. आर्मिंदो हाडाचा गवंडी. लेओनीच्या उतारावरच्या ढासळलेल्या दगडी ताली तो बांधून देत होता. लेओनी सत्तरीकडे झुकलेली, बिनलग्नाची, काळ्या कपड्यांतली, बोलायला कमी आणि बोलली तर तिखट. देओलिंदा तिला ‘मादाम’ म्हणायची. ती हिला ‘पोरी’ म्हणायची. नाव जिभेवर वळत नाही, अशी तक्रार करून.

वेचलेले चेस्टनट वाळवायला रानात एक दगडी खोली होती. तिथले लोक तिला क्लेद म्हणत. वर फळ्यांच्या माळ्यावर चेस्टनट पसरायचे आणि खाली जमिनीवर ओंडका धुमसत ठेवायचा. जाळ होऊ द्यायचा नाही, विझूही द्यायचा नाही. नुसता धूर, आठवडेच्या आठवडे. त्या वर्षी लेओनीचे गुडघे धरले होते. एका दुपारी काठी टेकत ती देओलिंदाला तिथे घेऊन गेली, विस्तव दडपायला ठेवलेला टरफलांचा ढीग दाखवला, विस्तवाकडे बोट केलं आणि म्हणाली, “हा झोपलेला बरा. जागा झाला की माल गेला.”

शब्द कळले नाहीत, पण गोष्ट कळली. देओलिंदाच्या आईच्या स्वयंपाकघरात चुलीच्या वर वेताची जाळी टांगलेली असायची, तिच्यावर चेस्टनट असेच धुरात वाळायचे. तोच कडवट-गोड वास. क्लेदच्या दारात बसलं की धूर फळ्यांच्या फटींतून वर जायचा, छपरातून झिरपून धुक्यात मिसळायचा, आणि देओलिंदाचे डोळे आपोआप मिटायचे. मग डोंगर सरकायचे. आईचे पाय दिसायचे, लाकडी चपलांतले, चुलीपाशी जा-ये करणारे. चेहरा मात्र धुरात असायचा. ती वाकून बघायला जायची आणि जाग यायची. समोर लेओनीची बकरी उभी असायची.

“झोपतेस की राखतेस?” एकदा लेओनीनं विचारलं.

“दोन्ही, मादाम,” देओलिंदा म्हणाली. तेवढं फ्रेंच तोवर आलं होतं.

नोव्हेंबरात थंडी अचानक मागे सरली आणि चार उबदार दिवस आले. हे दिवस संत मार्टिनचे, हे देओलिंदाला घरूनच माहीत होतं. त्याच्या सणाला तिच्या गावी रानात जाळ करायचे, चेस्टनट भाजायचे, नव्या दारूचं पिंप उघडायचे आणि राखेनं एकमेकांची तोंडं काळी करायचे. त्या सकाळी इथल्या देवळाचीही घंटा वाजली. चला, सण दोन्हीकडे एकच, असं तिला वाटलं. तिनं पाइनच्या वाळक्या काड्या गोळा केल्या, उतारावर जाळ केला आणि त्यात चेस्टनट टाकले. फणसाची आठळी भाजताना सुटतो तसला खरपूस वास रानभर पसरला. बाटली उघडली. आर्मिंदो बेसावध असताना तिनं दोन्ही हातांनी त्याचं तोंड रंगवलं. त्यानं उट्टं काढलं. मग दोघं गावाकडचं गाणं म्हणू लागली, बेसूर आणि मोकळ्या गळ्यानं.

घंटा वेगळ्याच कारणासाठी वाजली होती. त्याच तारखेला पहिलं महायुद्ध संपलं होतं, आणि गावातले सगळे चौकातल्या स्मारकाच्या दगडाभोवती जमून लढाईत मेलेल्यांची नावं ऐकून परतत होते. काळे कपडे, हातात टोप्या. वळणावर त्यांना ही दोघं दिसली.

गाणं थांबलं. मग शेजारचा मळेवाला गास्तों म्हणाला, “आजच्या दिवशी इथं कुणी नाचत नाही.”

आर्मिंदोच्या ध्यानात आलं. त्याचा काळा चेहराही उतरलेला दिसला. “माफ करा, मुस्यू. आम्हाला ठाऊक नव्हतं,” म्हणत तो बुटानं जाळ विझवू लागला.

“राहू दे,” मागून लेओनी म्हणाली. लोकांतून वाट काढत ती खाली उतरली. जाळाशेजारच्या सपाट दगडावर मूठभर सोललेले चेस्टनट वेगळे मांडले होते. “हे कुणाचे?”

देओलिंदा मोडक्या फ्रेंचमध्ये शब्द जुळवू लागली. “जे नाहीत त्यांचे,” ती शेवटी म्हणाली. “घरी ठेवतो आम्ही. आज ते येतात. भूक असते त्यांना. हे आईला.”

लेओनी त्या दगडाकडे बघत राहिली. मग काठी टेकून हळूच खाली बसली, काळे कपडे राखेत.

“ओगुस्तला एक बाजू करपलेली लागायची,” ती म्हणाली. कुणाला उद्देशून, ते कळलं नाही. ओगुस्त तिचा भाऊ. मघाशी चौकातल्या दगडापाशी त्याचंही नाव वाचलं होतं, दरवर्षी वाचतात तसं. “माझी आई चिडायची. मुद्दाम करपवतो म्हणायची.”

देओलिंदानं निखाऱ्यातून एक चेस्टनट ओढला, तो पुन्हा आत सरकवला, चांगला काळा होऊ दिला, सोलला आणि आईच्या वाट्याशेजारी ठेवला. लेओनीनं तो बोटानं जरा सरळ केला.

ऊन पिवळं, मऊ. त्यात धूर, आणि धुरात उभी असलेली माणसं, निम्मी दिसणारी. मग गास्तोंची बायको पुढे आली आणि आपल्या दिराचं नाव घेऊन तिनं एक चेस्टनट मागितला. तिच्यामागून आणखी कुणी आलं. गास्तों तेवढा टोपी हातात धरून ताठ उभा होता.

“गास्तों, इकडे वाक,” लेओनी म्हणाली. तो वाकला. तिनं राखेचं बोट त्याच्या गालावर ओढलं. “जन्मभर हे पांढरंफटक तोंड बघतेय. जरा रंग येऊ दे.”

“तुझ्या वयाला शोभतं का हे?” गास्तों पुटपुटला, पण गाल पुसला नाही.

दुसऱ्या वर्षी लोक आपापल्या बाटल्या घेऊनच आले. सकाळी चौकात नावं, दुपारी उतारावर जाळ, असं ठरूनच गेलं. पुढे लेओनी गेली. तिच्या भाच्यानं रान सांभाळलं, पण क्लेदचा विस्तव देओलिंदाकडेच राहिला. तिला मुली झाल्या, त्या शहरांत गेल्या. तिच्या केसांत, कपड्यांत धूर कायमचा मुरला. आर्मिंदो म्हणायचा, “तुला शोधायचं तर नाक पुरेसं आहे, लिंदा.”

केस पिकल्यावर एका शरदात ती पोर्तुगालला धाकट्या बहिणीकडे, एर्मेलिंदाकडे, महिनाभर राहायला गेली. गाव रिकामं झालं होतं, झाडं तेवढी होती. तिनं हौसेनं वाळक्या चेस्टनटचं सूप केलं. “आईचं सूप,” म्हणत वाडगा पुढे ठेवला.

बहिणीनं चमचाभर खाल्लं. “दूध घातलंस?”

“आई घालायचीच की.”

“आपल्याकडे कुठलं दूध? आई घेवडा घालायची आणि डुकराच्या चरबीचा तुकडा. हे कुठून आणलंस, फ्रान्सवाले?”

देओलिंदानं स्वतः एक चमचा चाखला. दूध लेओनी घालायची. इतकी वर्षं ती लेओनीचं सूप आईच्या नावानं रांधत होती.

दुसऱ्या दिवशी बहिणीनं आईचं सूप केलं. देओलिंदा खिडकीशी बसून जेवली. पहिल्यांदा ते परक्या घरचं लागलं. मग हळूहळू जिभेवर काहीतरी उलगडू लागलं, घेवड्याचा पिठूळपणा, धुराची कडवट किनार. तिनं डोळे मिटले. चुलीपाशी आई उभी होती, लाकडी चपलांत, आणि तिच्याशेजारी काठी टेकून लेओनी; आणि दोघी एकाच पातेल्यात वाकून काहीतरी बोलत होत्या, कुठल्या भाषेत ते ऐकू येत नव्हतं.

“झोपलीस का गं?” बहिणीनं विचारलं.

“नाही,” देओलिंदा म्हणाली, आणि वाडगा पुढे केला. “अजून वाढ.”