गोलकीपर भाऊजींची झडती

माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांइतका काळजी करणारा माणूस कल्याणपासून कर्जतपर्यंत दुसरा झाला नाही. अंबरनाथच्या काड्यापेटीच्या कारखान्यात भाऊजी फाटकावर कामगारांची झडती घेत. कुणी बिडी-काडी घेऊन आत गेला तर सगळा कारखाना पेटायचा, ही धास्ती त्यांच्या हाडीमाशी भिनलेली. संध्याकाळी तेच कारखान्याच्या फुटबॉल क्लबाचे गोलकीपर, सेक्रेटरी आणि एकुलत्या एका चेंडूचे पालक असत. चेंडू ताईच्या पाळण्यात निजे आणि माझा भाचा खाली गोधडीवर. "पोराला काटा लागला तर घटकाभर रडेल," भाऊजी म्हणत, "चेंडूला लागला तर क्लब बसेल!"

झडतीची सवय मैदानावरही सुटत नसे. सामन्याआधी ते आपल्या गड्यांचे खिसे चाचपत, मग समोरच्यांचे. एकदा उल्हासनगरच्या कॅम्पातली सिंधी मंडळी खेळायला आली. त्यांचा कॅप्टन हात वर करून ओरडला, "अरे दादा, फुटबॉल खेलने आए हैं, जेल में नहीं!" भाऊजींनी त्याचे मोजेसुद्धा उलटे करून पाहिले.

पुढे मैदानावर गोदाम बांधायचे घाटू लागले. नवे मॅनेजरसाहेब एक सामना बघून काय ते ठरवणार, असे कळले आणि भाऊजींची अन्नावरची वासनाच उडाली. "मैदान गेलं तर ड्यूटी सुटल्यावर ही पोरं जातील कुठं? हातभट्टीवरच ना?" एवढेच ते घोकत. सामन्याच्या दिवशी साहेब खुर्चीकडे निघाले, भाऊजी स्वागताला पुढे झाले आणि घाबरलेल्या हातांनी सवयीचे काम केले. साहेबांच्या कोटातून सिगारेटी आणि काड्यापेटी काढून त्यांनी बाजूला ठेवली. साहेब मात्र पोट धरून हसले, शेवटपर्यंत बसले, टाळ्याही वाजवल्या. पुढच्याच महिन्यात गोदामाचा पाया खणला गेला.

"माझ्या झडतीनं घालवलं मैदान," हे भाऊजींनी मनाला लावून घेतले. साहेबांचे आधीच ठरले होते, हे आम्ही परोपरीने सांगितले, पटले नाही. क्लब मोडला. भाचा पाळण्यात गेला तेव्हा पाळणा त्याला अपुरा पडत होता.

गोदामाच्या दारावरही झडतीवाला लागे. मोठे फाटक सोडून भाऊजींनी ती आडबाजूची जागा मागून घेतली, तेव्हा आम्ही त्यांना वेड्यात काढले. एकदा ताईचा निरोप घेऊन मी तिथे गेलो. भाऊजी दारात पाय फाकवून, जरा वाकून उभे होते. त्यांनी माझेही खिसे तपासले.

"इथं कशाला आलात, भाऊजी?"

त्यांनी दाराच्या चौकटीच्या दोन्ही बाजूंना हात लावून पाहिला. "आपला गोल इथंच होता, मेव्हणे. तो मोकळा कसा सोडू?"