अस्वलाच्या मागची बाई

सांगावे की सांगू नये, याचा मी बराच विचार केला. पण आमच्या घरातल्या माणसांवर सोपवले, तर ती हा प्रसंग तिखटमीठ लावून सांगतील आणि क्रियापदे चुकवून सांगतील. त्यापेक्षा माझी फजिती तुम्ही माझ्याच तोंडून, नीट क्रमाने ऐकलेली बरी. चहा घ्या. पेल्याखाली बशी असू द्या.

मी जुनी मॅट्रिक. नंदुरबारहून लग्न होऊन सुरतेला आले, तेव्हा लिंबायतच्या आमच्या गल्लीत मॅट्रिक झालेली सून मी एकटीच. त्यामुळे अख्ख्या गल्लीला वळण लावण्याची जबाबदारी आपल्यावर आहे, असा माझा समज झाला. गल्लीचा तसा समज झाला नव्हता, हे पुढे कळले. पण सवय जडली ती जडलीच. कोणी पाय वर घेऊन बसले, कोणी ओला पेला टेबलावर टेकवला, की माझी जीभ आपोआप चालते. मी तिला चालवते असे नाही हो. ती चालते.

तर, आमच्या प्रशांतचा चाळिसावा वाढदिवस आला. तो हजीऱ्याला एका कारखान्यात इंजिनियर आहे. त्याला काही भेट द्यावी, तर शर्ट नको, घड्याळ नको, काहीच नको. आमची सून हेतल मात्र हुशार. ती म्हणाली, याला एकच गोष्ट हवी आहे. लहानपणी पाहिलेले ते अस्वलाचे कार्टून. त्याने तिला लग्नानंतर कितीदा सांगितले होते म्हणे.

मला ते आठवत होते. एका लठ्ठ अस्वलाला झोपायचे असते, आणि खिडकीखाली एक बेडूक पिपाणी वाजवीत असतो. बस्स, एवढीच कथा. अस्वल उठते, घसरते, पुन्हा निजते. संवाद एकही नाही, सगळे संगीतावर. माझे धाकटे दीर वसंतभाऊजी लग्नांचे शूटिंग करीत. त्यांनी ती कॅसेट प्रशांतला दिली होती. कुठून आणली, हे मी विचारले नव्हते. मी, जी दूधवाल्याला म्हशीचे गाव विचारते, तिने एवढे विचारले नाही! पाहा म्हणजे झाले.

आणि खरे सांगायचे तर ते कार्टून मी धड पाहिलेही नव्हते. प्रशांत आणि गल्लीतली पोरे टीव्हीसमोर बसत, आणि मी स्वयंपाकघरातून लक्ष ठेवीत असे. खाली कापडाच्या लूमचा कारखाना, वर आमच्या दोन खोल्या. दिवसभर ती खटखट. टीव्हीवर काय वाजते आहे हे कळायला पोरांना पडद्याला कान लावावे लागत.

कॅसेट पेटीत सापडली. आत पांढरी बुरशी. आमच्या जवळच्या पर्वत पाटिया भागात एका दुकानात जुने मशीन शिल्लक होते. तिथे हेतलने ती साफ करून चालवून घेतली. एकदाच चालली, आणि शेवटाला पोहोचताच फीत तुटून तिचा भुगा झाला. पण तोवर सगळे काँप्युटरमध्ये उतरले होते. मशीन जरा वेगाने फिरत होते, म्हणून आवाज सगळे बारीक आले होते. हेतल म्हणाली, तेवढे ती नंतर ठीक करील. तिचा तो व्यवसायच आहे. लग्नांचे व्हिडिओ घरीच जुळवते.

इथवर सगळे तिच्या हातात होते. मग मी माझी खुर्ची तिच्या खुर्चीशेजारी ओढली.

पडद्यावर आवाजाचे हिरवे डोंगर दिसत होते. मला तो प्रकार फार आवडला. चूक डोळ्यांना दिसते, आणि खोडता येते! माझे सारे आयुष्य मी अशा यंत्राच्या शोधात होते. प्रथम मागची खटखट आली. मी म्हटले, हा दोष आहे, काढ. काढली. मग एक कुकरची शिटी. अस्वलाच्या गुहेत कुकर कशाला? काढ. मग कोणीतरी खोकले. काढ.

आणि मग ती बाई आली.

अस्वल टेबलावर पाय टाकून झोपू पाहते, तोच एक चिरका, बारीक आवाज, स्वच्छ मराठीत: "पाय खाली घे. किती वेळा सांगायचे?"

मी चकित. पुढे बेडूक पिपाणी उचलतो, तर ही पुन्हा: "आता पुरे. घर आहे की बाजार?" अस्वल दारात घसरते, तर म्हणते, "सावकाश! लादी आताच पुसली आहे."

माझ्या मनात लगेच उलगडा झाला. कोणीतरी कार्टूनचे मराठी रूपांतर केले आहे. उच्चार शुद्ध होते, हे मला मान्य करावेच लागले. पण आवाज! मी हेतलला म्हटले, लहान मुलांच्या चित्रपटाला इतकी कर्कश बाई निवडली कोणी? हिच्या घरचे लोक दिवस कसे काढत असतील?

कोपऱ्यात हे वर्तमानपत्र वाचीत होते. वर्तमानपत्र हलायला लागले.

"बाई ओळखीची वाटते," हे त्याच्या आडून म्हणाले.

मी म्हटले, तुमच्या ओळखीच्या बायका मला ठाऊक आहेत, त्यात शुद्ध बोलणारी एकही नाही. त्यावर हे उठून गॅलरीत गेले आणि बराच वेळ तिकडेच होते.

हेतलचा चेहरा जरा विचित्र झाला होता. ती मराठी बोलते, पण अडचणीत आली की गुजराती तोंडात येते. "मम्मी," ती म्हणाली, "ए रहेवा दो ने. ते असू द्या. प्रशांतने तो गमशे. त्याला आवडेल."

"दोष कोणाला आवडतो?" मी म्हटले. "काढ ती बाई. मुळापासून."

तिने काढली. एकेक वाक्य उचलून फेकले. मी प्रत्येक वाक्यावर शेरा मारीत होते: अहंकारी आहे, संशयी आहे, सासू असणार. शेवटी मागे फक्त संगीत उरले, काचेसारखे स्वच्छ.

मग मी दुसरे पाऊल उचलले. मी विचारले, ती जुनी, बाईसकटची प्रत अजून आत आहे का? आहे, म्हणाली. मी म्हटले, चुकीची आणि सुधारलेली अशा दोन प्रती ठेवल्या की माणसे नेमकी चुकीचीच पुढे पाठवतात. ती पुसून टाक.

"मम्मी, पाकू?" तिने विचारले. मी म्हटले, पक्के. "एकदम पाकू?" तिने कळीवरचा हात बाजूला घेतला. तेव्हा ती कळ मी स्वतः दाबली. होय, या बोटाने. काँप्युटरची कचरापेटीही तिला माझ्यासमोर रिकामी करायला लावली. कचरा घरात साठवायचा नाही, हा माझा नियम आहे.

वाढदिवसाला मी खापरावरचे मांडे केले. हेतलने घारी आणली, ती सुरतेची तुपात थबथबलेली मिठाई. जेवण झाल्यावर दिवे मालवले आणि अस्वल सुरू झाले. प्रशांत सोफ्यावर पाय वर घेऊन बसला होता. पहिल्या सुराला त्याचा चेहरा असा उजळला, की चाळीस वर्षांचा माणूस एकदम इयत्ता तिसरीत. मला फार समाधान वाटले.

मग अस्वलाने टेबलावर पाय टाकला.

आणि प्रशांतने, डोळे पडद्यावरच ठेवून, आपले दोन्ही पाय हळूच खाली सोडले. थांबला. जणू कोणी काही बोलणार होते. पुढे बेडकाने पिपाणी उचलली, तर हा आधीच हसायच्या तयारीत; आणि हसू तसेच ओठांवर राहिले. अस्वल दारात घसरले. प्रशांतने मागे वळून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिले.

"आवाज गेलाय वाटतं," तो म्हणाला.

"गेला नाही, काढला," मी अभिमानाने म्हटले. "एक उर्मट बाई मध्येमध्ये बोलत होती. तिचे एक अक्षर ठेवले नाही."

हे पुन्हा वर्तमानपत्र शोधू लागले. ते सापडेना.

"आई," प्रशांत म्हणाला, "ती तू होतीस."

मी म्हटले, शक्य नाही. पण एकीकडे ते "लादी आताच पुसली आहे" माझ्या कानात घुमायला लागले होते, आणि ते नेमके माझ्याच जिभेवर बसत होते.

मग यांनी सगळे सांगितले. आमच्याकडे तेव्हा कॅसेट दाखवणारे यंत्र होते, पण टीव्हीवरचे उतरवून घ्यायचे नव्हते. पोराने हट्ट धरला, म्हणून वसंतभाऊजींनी लग्नाचा कॅमेरा स्टुलावर ठेवला आणि टीव्हीचाच व्हिडिओ काढला. त्यात खोलीतले सगळे आले. खालच्या लूम, माझा कुकर, यांचा खोकला, आणि मी.

"मग मला सांगितले का नाही?" मी विचारले.

"तू पोळ्या करत होतीस. सांगणार होतो," हे म्हणाले, "पण तू मधे थांबलीच नाहीस."

"आणि परवा? मी त्या बाईला इतके बोलले तेव्हा?"

हे जरा घुटमळले. "मला वाटलं, तुला माहीत आहे. तुला स्वतःची लाज वाटली असेल. पहिल्यांदाच वाटत होती, म्हणून मी मधे पडलो नाही."

हेतलनेही मान डोलावली. तीही तसेच समजली होती. मी त्या बाईला सासू म्हटले तेव्हा तर तिची खात्रीच पटली, म्हणे.

प्रशांत मात्र रागावला नाही. रागावला असता तर बरे झाले असते; मी त्याचे वाक्य तरी सुधारले असते. तो म्हणाला, त्याला लहानपणी वाटे की अस्वल माझेच ऐकते. मी टीव्हीतून "पाय खाली घे" म्हणायची, आणि स्वयंपाकघरातूनही म्हणायची, म्हणून पोरे दोनदा पाय खाली घेत. तो वडोदऱ्याला वसतिगृहात राहायला गेला तेव्हा ती कॅसेट घेऊन गेला होता. रविवारी लावायचा. खोलीतल्या कोणाला मराठी येत नव्हते, पण "लादी आताच पुसली आहे" सगळ्यांना पाठ झाले होते.

"काही हरकत नाही," तो म्हणाला. "चित्र छान स्वच्छ झालंय." आणि घारीचा तुकडा घेतला, जो त्याला मुळीच आवडत नाही.

त्याने घारी खाल्ली, तिथे मी मोडले.

हेतलने गुपचूप एक प्रत ठेवली असेल, असे तुम्हाला वाटत असेल. मलाही वाटले. नव्हती ठेवली. पुसलेले परत आणायचा तिने खूप प्रयत्न केला, पण त्या जागेवर तोवर एका लग्नाची वरात येऊन बसली होती. कॅसेट भुगा, प्रत पुसलेली. जगात तो आवाज आता एकाच ठिकाणी शिल्लक होता, आणि ते ठिकाण सोफ्यावर मान खाली घालून बसले होते.

मी म्हटले, मी पुन्हा बोलते.

दुसऱ्या दिवशी प्रशांत कामावर गेल्यावर आम्ही खिडक्या लावल्या, पंखा बंद केला. हेतलने माझ्यासमोर माईक ठेवला आणि तांबडा दिवा लावला. मी खाकरले, पदर सावरला, आणि म्हटले, "पाय खाली घे. किती वेळा सांगायचे?"

"मम्मी, आ तो समाचार लागे छे," हेतल म्हणाली. "बातम्या."

पुन्हा म्हटले. आता ते आमंत्रण वाटले. पुन्हा म्हटले, तर शोकसभा. मला घाम फुटला. आयुष्यभर ज्या स्वरात फुकट बोलत आले, तो स्वर मागितल्यावर येईना. यांना म्हटले, जरा काही चुकीचे करा, मला राग येईल असे. हे म्हणाले, "काय करू?" आणि हात जोडून खुर्चीत सरळ बसले. लग्नानंतर हा माणूस इतका नीट कधी बसला नव्हता. नेमका त्याच दिवशी!

शेवटी मी हताश झाले. हेतल म्हणाली, बसा, चहा आणते. आणला. आणि माझ्या आईकडून आलेल्या शिसवी टेबलावर, बशीशिवाय, खालून ठिबकणारा पेला ठेवला.

"हेतल! ओला पेला तिथे ठेवू नकोस! किती वेळा सांगायचे? घर आहे की बाजार?"

तांबडा दिवा सुरूच होता. हेतलने पेला उचलला, पदराने डाग पुसला आणि काँप्युटरकडे वळून गोड आवाजात म्हणाली, "परफेक्ट, मम्मी."

ते वाक्य तिने अस्वलाच्या पायाखाली बसवले. तसूभरही मागेपुढे नाही. संध्याकाळी प्रशांतने पाहिले. अस्वलाने टेबलावर पाय टाकला, पडद्यातून मी गरजले, आणि प्रशांतचे पाय आपोआप खाली आले. तो इतका हसला की त्याला चष्मा काढावा लागला. पुन्हा लावायला सांगितले. पुन्हा. दर वेळी स्वयंपाकघरात हेतल ओट्यावर ठेवलेला पेला उचलते, असे हे सांगतात. यांनी आता त्या अस्वलाचे नावच हेतल ठेवले आहे.

ती म्हणाली, मम्मी, माझे नाव तेवढे कापून टाकू का, दोष राहिला आहे. मी म्हटले, त्याला हात लावायचा नाही, आणि या वेळी सात ठिकाणी प्रती ठेव.

परवा दुपारी घरी कोणी नव्हते, तेव्हा मी एकटीने ते पूर्ण पाहिले. पुष्कळ चुका मी कबूल केल्या आहेत, पण माझे मूळ मत मात्र मी मागे घेतलेले नाही. लहान मुलांच्या चित्रपटाला इतकी कर्कश बाई कोणी निवडू नये.