रूटला चालतं, वैतींना नाही

"रजा मंजूर करतो," कर्णिक साहेब म्हणाले, "पण तुमचं ते टूल आधी वैतींना चालवता आलं पाहिजे. आज, पाचच्या आत."

दुपारचे दोन वाजले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी कल्याणला बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. संध्याकाळी सहाला त्यांना ॲडमिट करायचं होतं आणि घरात करणारी मी एकटीच.

साल १९९९. आमची कंपनी डोंबिवली एमआयडीसीत रंग बनवायची. ठाणे, डोंबिवली, शहाड मिळून अकरा सर्व्हर. दोन हजार साल लागलं की तारखा चुकतील, या भीतीने सतत नवे पॅच यायचे. पॅच म्हणजे प्रोग्रॅमला लावलेलं ठिगळ. ते अकराही ठिकाणी लावायचं. आधी मी स्वतः हिंडायचे. मग मासिकाबरोबर आलेल्या सीडीत एक टूल सापडलं. एका लिनक्स पीसीवरून ते अकरा सर्व्हरना एकदम हुकूम सोडायचं. अशा पीसीला कंट्रोल मशीन म्हणतात.

घाईघाईत ते टूल मी माझ्याच लॉगिनच्या फोल्डरमध्ये टाकलेलं. त्यामुळे ते फक्त मलाच चालायचं. गेले सहा महिने मला रजा मिळत नव्हती ती यामुळेच.

दिलीप वैती आमचे ऑपरेटर. चेंदणी कोळीवाड्यातले, माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. त्यांना शेजारी बसवलं आणि रूट म्हणून लॉगिन केलं. रूट म्हणजे मशीनचा मालक. टूल यावेळी सगळ्यांसाठी असलेल्या जागी इन्स्टॉल केलं. वैतींच्या लॉगिनला सर्व्हरवर परवानगी दिली. चालवून पाहिलं. अकराच्या अकरा सर्व्हरनी उत्तर दिलं. सव्वातीन.

"झालं. आता तुम्ही चालवा."

वैतींनी त्यांच्या मशीनवरून कंट्रोल मशीनवर लॉगिन करून कमांड दिली. स्क्रीनवर 'परमिशन डिनाइड'.

"मॅडम, हा मला उंबऱ्यातच अडवतोय."

मी सगळं काढून पुन्हा इन्स्टॉल केलं. मला चाललं, त्यांना नाही. तिसऱ्यांदा केलं. तेच. साडेचारला साहेब येऊन उभे राहिले.

"माझ्याकडे चालतंय, साहेब."

"पण उद्या तुम्ही इथे नाही आहात. रूटचा पासवर्ड देऊन टाका ना यांना, विषय संपला."

मी इतकी थकले होते की दिलाही असता. वैतीच म्हणाले, "नको साहेब. सगळ्या घराच्या चाव्या माझ्या कमरेला नकोत. काय बिघडलं तर नाव माझंच येणार."

"मग यांना चालवता आलं की निघा," म्हणत साहेब केबिनकडे गेले. पाच वाजून गेले. घरून बाबांचा फोन आला. "निघालीस का गं?"

"निघतेच आहे," मी खोटं बोलले.

फोन ठेवला तेव्हा वैती खुर्चीतून उठले होते. "मॅडम, मघापासून तुम्ही तुमच्याच जागेवरून बघताय. जरा इथे बसा."

त्यांच्या लॉगिनने मी एकेक फोल्डर उघडत गेले. एका फोल्डरपाशी अडले. तो रूटशिवाय सगळ्यांना बंद होता. कारण माझंच. काही महिन्यांपूर्वी सुरक्षेसाठी मी एक सेटिंग बदललेली. रूटने नवा फोल्डर केला की तो इतरांना आपोआप बंद. मीच केलं आणि मीच विसरले. प्रत्येक इन्स्टॉलला तो फोल्डर बंदच तयार होत होता, आणि रूटला कुठलंच दार बंद नसल्याने मला ते कळत नव्हतं.

एका ओळीची कमांड. वैतींनी पुन्हा चालवलं. अकरा उत्तरं आली.

"जावा तुम्ही आता," ते म्हणाले.

मी पोचले तेव्हा साडेसात झाले होते. बाबा हॉस्पिटलचे कपडे घालून कॉटवर बसले होते. फॉर्मवर नातेवाईक म्हणून शेजारच्या जोशीकाकांची सही होती. मी त्यांच्या शेजारी टेकले.

ऑपरेशन नीट झालं. आठ दिवसांत ऑफिसातून एकही फोन आला नाही. आलेला पॅच वैतींनी एकट्याने लावला. परत आले तेव्हा साहेब म्हणाले, "तुमच्याशिवाय चाललं की!"

तेव्हापासून काहीही इन्स्टॉल केलं की मी ते आधी सगळ्यात कमी अधिकार असलेल्या लॉगिनने चालवून बघते. रूटला काय, सगळंच चालतं.