गिळण्याचे डॉक्टर, निवाड्यांचे शास्त्री

दोन विद्वान एका खोलीत बसवले की किस्से आपोआप साठतात, कुणी जमवावे लागत नाहीत. ते माझ्याकडेच साठले, कारण त्या खोलीत अडाणी असा मी एकटाच होतो.

महाराज गादीवर येऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. कोल्हापुरात एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत आमचे डॉक्टर बसत. मुंबईला शिकून आलेले. त्यांचा सगळा जीव अन्ननलिकेत, म्हणजे घशापासून पोटापर्यंत घास नेणाऱ्या नळीत. घास मध्येच का अडतो, यावर त्यांचं संशोधन चालू होतं. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला शास्त्रीबुवा. तीन-चारशे वर्षांपूर्वी पंडित काय शिकत आणि न्याय कसा करत, हे ते जुन्या कागदांतून शोधत. त्यांच्या दफ्तराच्या खोलीला वाळवी लागली, म्हणून दोन महिन्यांसाठी त्यांना इकडे बसवलं. ते दोन महिने तीन वर्षं चालले. शास्त्रीबुवा चारशे वर्षांपूर्वीच्या काळाला सरळ 'आमच्या वेळी' म्हणत. आणि दोघांचं लिखाण चांगल्या अक्षरात उतरवून काढणारा कारकून मी.

*

बाहेरचं बाकडं एकच होतं. त्यावर रोगी कोण आणि जुने कागद दाखवायला आलेला कोण, हे ओळखायचं काम माझं, आणि मला ते कधीच जमलं नाही.

एकदा गडहिंग्लजकडचा एक शेतकरी पणजोबांच्या वेळचा जमिनीचा निवाडा घेऊन आला. मी त्याला चुकून डॉक्टरांपुढे बसवला. डॉक्टरांनी त्याला तोंड उघडायला लावलं, चमच्याने जीभ दाबली, भाकरीचा तुकडा गिळायला दिला, छातीला तपासायची नळी लावून ऐकलं. गड्याने एका शब्दाने कुरकुर केली नाही. सरकारात खरं-खोटं असंच बघत असतील, अशी त्याची समजूत. शेवटी डॉक्टर म्हणाले, काही दोष नाही.

तो हात जोडून उठला आणि म्हणाला, "मंग जमीन आमचीच की."

*

डॉक्टरांची पद्धत अशी. माणसाने पाण्याचा घोट गिळला की बरगड्यांच्या खाली नळी लावायची आणि घड्याळ बघायचं. धडधाकट माणसाचं पाणी थोड्याच सेकंदांत पोटात पडतं आणि तसा आवाज येतो. पण रोग्यांशी ताडून बघायला धडधाकट माणसंही लागत. त्यामुळे खोलीत पाऊल टाकील त्याला पाणी प्यावं लागे. शिपाई झाले, टपालवाला झाला, वाट चुकून आत आलेले दोन पाहुणेही झाले.

सगळ्यांत जास्त सापडे तो दस्तगीर, आमचा भिश्ती. पखालीतून पाणी घालायला आला की डॉक्टर त्याला धरत. एका दुपारी अकरावा घोट झाल्यावर तो माझ्या टेबलाशी आला आणि हळूच म्हणाला, "रावसाब, पानी आनायचं बी मीच, आन् प्यायचं बी मीच?"

*

माझा सगळ्यांत मोठा पराक्रम रिपोर्टाचा. डॉक्टरांचा रिपोर्ट आणि शास्त्रीबुवांचे निवाडे मी एकाच दिवशी उतरवून काढले आणि खिडकी उघडी ठेवून पानतंबाखूला गेलो. परत येऊन खाली पडलेले कागद गोळा केले, टाचले आणि वरिष्ठांकडे पाठवून दिले. मग डॉक्टरांची काही पानं टेबलाखाली सापडली. म्हणजे वर असं गेलं होतं, की रोग्याचा घास छातीच्या हाडामागे अडतो, सबब दोन्ही पक्षांनी देवळात शपथ घ्यावी आणि पाटलाने हद्दीवर दगड रोवावा.

चार दिवस मला जेवण गेलं नाही. डॉक्टर माझ्याकडे आशेने बघू लागले.

पाचव्या दिवशी वरिष्ठांचा शेरा आला. उपचार योग्य वाटतो, चालू ठेवावा.

*

आता शिदूचं. हे मी शंभरदा सांगितलं असेल, पण मला स्वतःला अजून नीट कळलेलं नाही.

शिदू मुरगूडकडचा. शेजारच्या गोविंदतात्यांच्या घरी लग्न होतं आणि त्यात तात्यांच्या बायकोची सोन्याच्या पुतळ्यांची माळ चोरीला गेली. माळ ठेवली होती त्या खोलीत जाऊन आलेल्या पाच जणांना देवळात बसवून कोरडे तांदूळ चावायला दिले. चोराच्या घशाखाली ते उतरत नाहीत, असा जुना रिवाज. चौघांचे उतरले. शिदूचे उलटून बाहेर आले. झालं, शिदू चोर ठरला. गावाने त्याचा विस्तव आणि पाणी तोडलं, लेकीची ठरलेली सोयरीक मोडली. यातून सुटायची वाट जुन्या कागदांत असेल, म्हणून तो शास्त्रीबुवांकडे आला होता.

'उलटून आले' हे शब्द ऐकले मात्र, डॉक्टर खुर्चीतून उठले. घास कधीपासून अडतो, विचारलं. दोन वर्षं. पाणी पाजून नळी लावली. किती वेळ गेला तरी आवाज येईना. डॉक्टरांचा चेहरा इतका खुलला की मला त्यांची लाज वाटली. ते म्हणाले, अन्ननलिकेचं खालचं तोंड उघडत नाही, मी रबरी नळी घालून हळूहळू उघडून देतो.

शिदू म्हणाला, "नळी उघडून काय करू, साहेब? गावात मला कोण पान्याचा थेंब देत न्हाय. लेक घरात बसून हाय. आदी मी चोर न्हाय म्हनून लिवून द्या."

डॉक्टरांनी दाखला दिला. आजारी माणसाला दिव्य, म्हणजे अशी देवापुढची परीक्षा, देऊ नये, असा आधार शास्त्रीबुवांनी काढला. मी पानं तीनदा तपासली. आठ दिवसांनी शिदू तेच कागद घेऊन परत आला. गाव म्हणालं होतं, कागद कुणीबी लिवतंय.

*

मग आम्ही तिघं बैलगाडीने शिदूच्या गावी गेलो. देऊळ भरलं होतं. डॉक्टरांनी फरशीवर कोळशाने अन्ननलिका काढून तासभर समजावलं. कुणाला काही कळलं नाही. एका म्हातारीने येऊन त्या चित्राला हळदकुंकू वाहिलं.

डॉक्टर चिडले. म्हणाले, भीतीने कुणाचंही तोंड कोरडं पडतं. ताडून बघायला मला गावातली धडधाकट माणसं द्या, आणि तेच तांदूळ द्या.

पाटील बसले. चावले, गिळले. डॉक्टर नळी लावून म्हणाले, "पडलं." पुजारी बसला. "पडलं."

तिसरे गोविंदतात्या. ते चावत राहिले. चावतच राहिले. कपाळावर घाम आला, ओठांच्या कडेला पांढरं पीठ जमलं. डॉक्टरांनी चमचा घालून घसा बघितला. पाणी पाजून ऐकलं, पुन्हा ऐकलं. मग नळी पुसत ते शास्त्रीबुवांना म्हणाले, "अन्ननलिका ठणठणीत आहे. यांना तुम्ही बघा."

पाटील जमिनीकडे बघत होते.

बायकांतून तात्यांची बायको उठली. माळ तिचीच. तिने घागरीतून तांब्या भरला आणि सगळ्यांसमोर शिदूपुढे धरला.

"घ्या, दादा."

शिदूने दोन्ही हातांनी तांब्या घेतला आणि एक घोट घेतला. डॉक्टरांनी नळी लावली आणि घड्याळ काढलं. देवळात कुणी हललं नाही. बऱ्याच वेळाने डॉक्टरांनी बोट वर केलं.

"पडलं."